पाहुणे सेवेला आले

दरवर्षी वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्यातरी एका गावावर शंभरेक पाहुणे एकदम येऊन पडतात. वय अठरा-एकोणीस. निम्मे महाराष्ट्रातले, निम्मे देशभरातून आलेले. अंगावर खादी, तीही नवीच, त्यामुळे कॉलर अजून मानेला टोचतेय. एमबीबीएसचं पहिलं वर्ष. रक्तदाब मोजायला नुकतंच शिकवलेलं असतं; पण शिकताना सोबत्याच्या धडधाकट दंडावर पट्टा बांधलेला, इथं समोरच्या म्हाताऱ्या बाईचा दंड असा काही वाळलेला की पट्टा गुंडाळून गुंडाळून सैलच राहतो. अशा तयारीनिशी या पोरापोरींना गावात पंधरा दिवस मुक्काम करायचा असतो, गावाच्या आरोग्यासाठी.

गावापुढचा पहिला प्रश्न मात्र आरोग्याचा नसतो. एवढी पोरं निजणार कुठं? शाळेच्या खोल्या किती मोकळ्या करता येतील, समाजमंदिरात किती अंथरुणं पडतील, मुलींची सोय कुठं लावायची, संडास किती आहेत आणि त्यातले चालू किती. पाण्याची टाकी गावाच्या हिशेबानं बांधलेली, शंभर माणसांच्या अंघोळी तिच्या नकाशात नव्हत्या. मग कुणाची मोटर लावायची, वीज किती वाजता येते, हे सगळं पारावर ठरतं. सेवक पोचण्याआधी गाव त्यांच्या सेवेला लागलेलं असतं, आणि ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

सेवेच्या इतिहासाचं हे पान आपल्याकडे बहुतेक कोरंच आहे. कोण कुठं गेलं, किती रोगी तपासले, किती खड्डे खणले याच्या नोंदी मिळतात. पण सेवक आला त्या आठवड्यात गावावर काय पडलं, ते शोधावं लागतं. वर्धा जिल्हा हा शोध घ्यायला चांगला. गेल्या शंभर वर्षांत बाहेरून सेवेला आलेल्या माणसांची इतकी वर्दळ दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यानं क्वचितच सोसली असेल.

खादीतली ही पोरं येतात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी ती सुरू केली. खेड्यात काढलेलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. सुशीलाबेन आधी गांधीजींच्या डॉक्टर, पुढं केंद्रात आरोग्यमंत्री. १९४५च्या सुमारास सेवाग्रामात बायका-मुलांसाठी एक लहानसा दवाखाना उघडला होता. तोच वाढत वाढत कस्तुरबा रुग्णालय झाला आणि त्याच्या अंगणात हे महाविद्यालय उभं राहिलं. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते, आता शंभर असतात.

प्रवेश झाला की पोरांना आधी आश्रमात नेतात. पंधरा दिवस तिथंच राहायचं, पहाटेच्या प्रार्थनेला उठायचं, झाडायचं, सूत कातायचं, आपलं ताट आपण घासायचं. नीटच्या परीक्षेसाठी दोन-दोन वर्षं कोटा-लातूरच्या खोल्यांत कोंडून घेतलेल्या मुलांना टकळीवर धागा तुटतो तेव्हा रडू येत असेल तर नवल नाही. त्यानंतर पुढं गावातलं शिबिर. प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक. प्रत्येक मुलाच्या वाट्याला चार-पाच घरं. त्या घरांतल्या माणसांची वजनं-उंच्या, रक्तातलं हिमोग्लोबिन, कोण काय खातं, पाणी कुठून आणतं, शेती किती, कर्ज किती, लेकरांना लसी टोचल्यात का, हे सगळं नोंदवायचं. पंधरा दिवसांनी पोरं परत जातात, पण घरं सुटत नाहीत. पुढली काही वर्षं महिन्यातून एकदा त्या घरी हजेरी लावावी लागते.

दत्तक हा शब्द कागदावर संस्थेच्या बाजूनं आहे. पहिल्या चार-सहा दिवसांत दत्तक कोण गेलंय ते दिसतं. चेन्नईच्या मुलीला वऱ्हाडी कळत नाही, घरच्या बाईला हिंदी जेमतेम. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न उत्पन्नाचा, आणि तो विचारायच्या आत चहा समोर येतो. चहा नको म्हटलं तर बाईचा चेहरा पडतो. घ्यावा तर पाच घरी पाच चहा. तिसऱ्या दिवशी पोरीला हगवण लागते. मग त्याच घरातली म्हातारी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून आणते आणि विचारते, “भात खाऊन राह्यली का नाही?” पुस्तकातलं जलसंजीवनीचं प्रकरण वर्गात यायचं असतं, त्याआधीच ते असं येऊन जातं.

मी अशा शिबिरांची हेटाळणी करणाऱ्यांतला नाही. उलट मला वाटतं, शिबिराचं खरं शिक्षण या अडचणीतच आहे. वजनकाट्याच्या नोंदी त्यानंतरच्या.

आता नव्वद वर्षं मागं. वर्ध्याला लागून सिंदी नावाची वस्ती आहे. (रेल्वेलाईनवरची सिंदी वेगळी.) १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव झाले आणि जमनालाल बजाजांनी त्यासाठी दिलेल्या मगनवाडीत गांधीजी मुक्कामाला आले. खेड्यांची सेवा करायची तर सुरुवात कुठून? मगनवाडीची मंडळी बादल्या, फावडी आणि झाडू घेऊन सकाळी सिंदीच्या वाटेला लागली. रस्त्याच्या कडेला लोक बसून गेलेले असत. ते उचलायचं, माती टाकायची, परत यायचं. महिनोन्महिने हे चाललं. महादेवभाई देसाई ‘हरिजन’मध्ये त्याची वार्तापत्रं लिहीत, आणि त्यांतून गावाची सुधारणा फारशी दिसत नाही, दिसतो तो सेवकांचा चिवटपणा आणि गावाची शांतपणे चाललेली रीत. गाव त्यांना हाकलत नव्हतं, ऐकतही नव्हतं. रोज सकाळी बादल्या घेऊन येणारी ही शहाणीसुरती माणसं म्हणजे काय प्रकार आहे, हे गाव बघत होतं.

याच मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी एक नवं धान्य जेवणात आणून पाहिलं. सोयाबीन! स्वस्तात प्रथिनं मिळतील म्हणून. आश्रमवासीयांनी ते किती आवडीनं खाल्लं असेल याची कल्पना मला करवत नाही. आज वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात कुठल्याही रस्त्यानं जा, कपाशीच्या जोडीला सोयाबीनच दिसतं. पण ते ताटात जायला पेरलेलं नसतं, तेलाच्या गिरणीत आणि पेंडीत जातं. गांधींचं धान्य जिल्ह्यानं उचललं, त्यांचं कारण नाही उचललं.

सिंदीतल्या एका खोलीत मीराबेन राहून पाहत होत्या. ब्रिटिश नौदलातल्या ॲडमिरलची ही मुलगी, मूळचं नाव मॅडलिन स्लेड, १९२५मध्ये साबरमतीला आली होती. त्यांना आणखी आतलं गाव हवं होतं. हिंडता हिंडता त्यांनी वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचं शेगाव धरलं. सहाएकशे वस्ती, त्यात दलितांची घरं पुष्कळ, मालगुजारी बहुतांशी जमनालालजींची. पोस्ट नाही, दवाखाना नाही, पक्का रस्ता नाही. पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आखाला लागेपर्यंत रुतायचं.

मीराबेननी तिथं बस्तान बसवल्यावर गांधीजींच्या मनानं घेतलं की आपणही खेड्यातच राहायचं, आणि तेही एकट्यानं. ३० एप्रिल १९३६ रोजी ते मगनवाडीहून चालत शेगावला आले. गावकऱ्यांपुढं बोलले. मी तुमची सेवा करायला आलोय, अस्पृश्यता मला मान्य नाही, पण तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही, समजावत राहीन, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. थोडक्यात, आगंतुक पाहुण्यानं आल्या दिवशीच घरमालकाला आपल्या अटी सांगितल्या. गावानं त्या ऐकून घेतल्या. पटल्या म्हणून नव्हे. दारात आलेल्याला उठवून लावायची पद्धत नव्हती म्हणून.

मग घर. गांधीजींची ताकीद होती की शंभर रुपयांच्या वर खर्च नको, सामान जवळपासचं हवं आणि हात गावातले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. यातून आदि निवास उभं राहिलं. बांधकाम चालू असताना ते प्रकृतीसाठी दक्षिणेत नंदी टेकडीवर जाऊन आले आणि जूनच्या मध्यावर परतले तेव्हा पाऊस लागला होता. आता सेवाग्रामला गेलं की आदि निवास स्वच्छ, सारवलेलं, रिकामं दिसतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं किती ही शांतता. त्या पावसाळ्यात तिथं शांतता अजिबात नव्हती. एकाच दालनात गांधीजी, कस्तुरबा, कार्यकर्ते, येणारे-जाणारे. तुकडोजी महाराज त्या वर्षी येऊन महिनाभर राहिले. त्यांच्या खंजिरीच्या भजनांनी संध्याकाळ भरायची. तुरुंगातून सुटलेले खान अब्दुल गफारखान येऊन राहिले. सहा फुटांच्या पठाणाला अंथरूण कुठं घालायचं हा तेव्हा साधा प्रश्न नव्हता.

एकटं राहायची कल्पना अशी चार-दोन महिन्यांतच वाहून गेली. माणसं आली की पाणी लागतं, दूध लागतं, भाजी लागते, निरोपे लागतात. दुधासाठी गाई, गाईंसाठी चारा, चाऱ्यासाठी शेत. बलवंतसिंहांसारखे कार्यकर्ते शेती-गोशाळेत जुंपले गेले. टपाल वर्ध्याहून. महादेवभाई मगनवाडीत राहत आणि रोज उन्हातान्हातून पाच-साडेपाच मैल येत, तेवढेच परत जात. पुढं त्यांची तब्येत ढासळली त्यात या पायपिटीचा वाटा होता. मोठमोठ्या पुढाऱ्यांना आणायला बैलगाड्या. काही वर्षांनी व्हाइसरॉयला बोलता यावं म्हणून सरकारनं आश्रमात टेलिफोन बसवला. अजून तो तिथं पाहायला मिळतो, शेजारी साप पकडायचं लाकडी साधन. शेगावचं टपाल बुलढाण्याच्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं म्हणून १९४०मध्ये गावाचं नावसुद्धा बदलून सेवाग्राम केलं. सहाशे वस्तीच्या गावानं पाहुण्यापायी आपलं नाव सोडलं, याहून मोठा पाहुणचार कोणता, हे मला अजून सुचलेलं नाही.

आणि ताप. सेवक आजारी पडतात, हे या कथेचं अटळ प्रकरण. मीराबेनना विषमज्वर झाला. गांधीजी १९३६च्याच सप्टेंबरात हिवतापानं पडले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात हलवावं लागलं. गावात दवाखाना नाही म्हणून गावाची सेवा करायला आलेल्या माणसाला दवाखान्यासाठी गाव सोडावं लागलं. गावकऱ्यांना हिवताप ठाऊक होता. त्यांना सोडून जायला कुठं जागा नव्हती, एवढाच फरक.

मीराबेननी आपल्यासाठी बांधलेली झोपडी पुढं गांधीजींना दिली. भिंतीच्या लिंपणावर त्यांनी हातानं उठवलेली ताडाची झाडं, मोर, ओम् अजून आहेत. तीच बापू कुटी. देशभरातले लोक चप्पल बाहेर काढून तिच्यात वाकून शिरतात. ती मुळात एका बाईनं स्वतःला राहायला केलेलं घर होतं, हे सांगितलं तरी फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

गांधीजींना असे पहिले दिवस नवे नव्हते. सेवेचं पथक घेऊन परक्या मुलखात खेडोपाडी जाण्याचा सराव त्यांना दक्षिण आफ्रिकेत झाला होता. १८९९मध्ये बोअर युद्ध पेटलं तेव्हा नाताळमधल्या अकराशे हिंदी माणसांचं जखमी वाहून नेणारं पथक उभं राहिलं. त्यांतले आठशे गिरमिटिये मजूर. डॉ. बूथ नावाच्या मिशनरी डॉक्टरनं त्यांतल्या काहींना शुश्रूषेचे धडे दिले होते. १५ डिसेंबरला, कोलेन्सोच्या लढाईच्याच दिवशी, पथक चीव्हली स्टेशनावर उतरलं आणि उतरल्या उतरल्या कित्येक मैलांवरच्या फील्ड हॉस्पिटलकडे चालू लागलं. पुढं स्पिऑन कॉपच्या वेळी खांद्यावर डोली घेऊन दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल. चालायचं कसं, सावली कुठं, पाणी कुठं, हे मळ्यांत राबलेल्या गिरमिटियांना ठाऊक होतं. पथकातल्या व्यापारी-वकिलांना नव्हतं. डोलीचा तोल कुणी सांभाळला असेल ते उघड आहे.

१९०६मध्ये झुलूंच्या उठावाच्या वेळी पुन्हा एक पथक निघालं, दोन डझनांचं. या वेळी बाजूच चुकलेली होती, सरकारची. पण तिथं पोचल्यावर काम हाती आलं ते झुलू जखमींचं. फटके मारलेले, जखमा चिघळलेल्या, आणि गोरे शुश्रूषक त्यांना हात लावायला तयार नव्हते. भाषा एकमेकांची येत नव्हती. ज्यांच्याविरुद्ध सरकारी मोहीम निघाली, त्यांच्याच पाठी धुवायचं काम सरकारी पथकाकडे आलं. या सहा आठवड्यांनी गांधीजींना आतून हलवलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुक्कामाला गेल्याशिवाय आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे कळत नाही, याचं इतकं कडवट उदाहरण सेवेच्या इतिहासात फार नसेल.

मग १९१०चा टॉल्स्टॉय फार्म. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, हर्मन कॅलनबाख या वास्तुशिल्पी मित्रानं दिलेली अकराशे एकर जमीन. फळझाडं भरपूर, घर मात्र पाच-सहा माणसांपुरतं. सुरुवातीचे दिवस तंबूत. झरा वस्तीपासून पाचशे यार्डांवर. पाणी कावडीनं आणायचं. शहरात स्वतःच्या कामाला जायचं तर पायी, मध्यरात्रीनंतर दोन वाजता निघून. तिथं मात्र एक मोठी सोय होती: आजूबाजूला गाव नव्हतं. कुणाला समजवायचं नव्हतं, कुणाच्या विहिरीवर जायचं नव्हतं. शेगावात सगळं आफ्रिकेतल्यासारखंच होतं, फक्त शेजारी होते, आणि त्यांचा इतिहास होता. कॅलनबाख १९३७ आणि १९३९मध्ये गांधीजींना भेटायला हिंदुस्थानात आले, सेवाग्रामात राहिले.

मधला दुवा चंपारणचा. तो मराठी वाचकांनी विसरू नये, कारण तिथं गेलेल्या पहिल्या सेवकांत आपली माणसं होती. १९१७च्या नोव्हेंबरात बिहारमधल्या निळीच्या मुलखात शाळा काढायच्या ठरल्या तेव्हा अवंतिकाबाई गोखले मुंबईहून पतीसह गेल्या. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावहून बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक कातगडे, आणि भारत सेवक समाजाचे डॉ. हरि श्रीकृष्ण देव. भोजपुरी कुणाला येत नव्हती. गांधीजींचं म्हणणं असं की व्याकरण नको, स्वच्छता आणि चांगलं वागणं शिकवा. सेवकांच्या पेटीत मोजून तीन औषधं: एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचं मलम. जीभ पांढरी असेल तर एरंडेल. ताप असेल तर एरंडेल देऊन मग क्विनाइन. खरूज-फोड असेल तर जागा धुऊन मलम. याहून अवघड काही निघालं तर डॉ. देवांना विचारायचं.

पण या मोहिमेची अट खरी महत्त्वाची होती: शिक्षकांचं राहणं-जेवणं गावानं करायचं, बाकी खर्च बाहेरून. रोकड कुणाकडे नव्हती. धान्य द्यायला लोक तयार होते. भितिहरव्याला बांबू-गवताची शाळा होती, तिला आग लागली, संशय निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांवर गेला. कस्तुरबा आणि सोमण तिथं होते. मंडळींनी विटांची शाळा उभी केली. त्याच भागात कस्तुरबांनी एका बाईला स्वच्छ कपडे घालायला सांगितलं, तेव्हा तिनं झोपडीत नेऊन दाखवलं की अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरं नाही. सेवकाच्या पहिल्या आठवड्यात गावानं शिकवलेला हा धडा पुढच्या सगळ्या खादीमागं आहे. मला तर वाटतं, चंपारणात औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडलं ते गावाचं धान्य. त्यामुळे परके मराठी मास्तर खाल्ल्या घरचे झाले.

जगात आज हा व्यवहार उलटा झालाय. श्रीमंत देशांतली मुलं सुट्टीत पैसे भरून झांबियात, मलावीत, दक्षिण आफ्रिकेत ‘सेवेला’ जातात. दोन आठवडे भिंती रंगवायच्या, अनाथाश्रमात पोरांशी खेळायचं, फोटो काढायचे, परतायचं. गाव हे पर्यटनस्थळ होतं आणि यजमान हा कंपनीचा कंत्राटदार. याच मुलखात अमेरिकेच्या पीस कोअरची रीत थोडी वेगळी आहे. लेसोथो, बोत्स्वानासारख्या देशांत नव्या स्वयंसेवकाला प्रशिक्षणाच्या काळात गावातल्या घरी ठेवतात; भाषा, पाणी भरणं, कपडे धुणं, सगळं यजमानीणबाई शिकवते. सरकारी कागदांत या बायकांची नावं शिक्षक म्हणून येत नसतील, पण स्वयंसेवकाला उभं करतात त्या.

आपल्याकडे परत येऊ. पवनारला विनोबा १९३८मध्ये राहायला आले. वर्ध्यात त्यांना जमनालालजींच्या आग्रहानं गांधीजींनी १९२१मध्येच पाठवलं होतं. १९४६पासून ते रोज खांद्यावर फावडं टाकून तीन मैलांवरच्या सुरगावला सफाईला जात. उन्हाळा-पावसाळा चुकला नाही. एकदा नदीला पूर आला, पलीकडे जाता येईना. विनोबांनी काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा सफाईवाला आला होता, पुरामुळं परत गेला. त्यांनी स्वतःला गावाचा पाहुणा म्हणवून घेतलं नाही. गावाच्या चाकरांच्या यादीत नाव घातलं आणि गैरहजेरीची रीतसर वर्दी दिली. त्यांचेच सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. या जिल्ह्यात जे टिकलं त्यात असा एक धागा दिसतो: आलेल्या माणसानं स्वतःचं काम लहान ठेवलं आणि वर्षं मोठी.

वैद्यकीय शिबिरातल्या पोरांची वर्षं मात्र ठरलेली असतात. साडेचार वर्षं, मग आंतरवासिता. एके काळी प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची वेगळी प्रश्नपत्रिका असायची. नीट आल्यावर ती गेली. एमबीबीएसनंतर ग्रामीण भागात दोन वर्षं काम केलं तरच पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाला पात्र, असा संस्थेनं दंडक घातला होता. दंडक का लागतो? कारण पंधरा दिवस चहा पिऊन, एक लगीन जेवून, महिन्याकाठी चकरा मारूनही मुलं शहराकडे जातात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या दत्तक घरातला मुलगाही पुण्याला कंपनीत गेलेला असतो.

पण त्या घरांकडे नीट पाहिलं तर हिशेब एकेरी राहत नाही. पहिल्या शिबिरात नोंद केलेल्या गर्भार सुनेला दिवस भरले की घरची माणसं सेवाग्रामला ‘आपल्या’ पोरीला शोधत येतात. त्या पोरीला अजून बाळंतपणातलं ओ की ठो कळत नसतं, पण ती धावते, चिठ्ठी काढते, वॉर्ड दाखवते, रात्री दहा वाजता सासूला चहा आणून देते. एवढ्या मोठ्या दवाखान्यात ओळखीचं एक माणूस असणं याला खेड्यात काय किंमत असते, ते ज्यानं सरकारी इस्पितळाच्या रांगेत दुपार काढलीय त्यालाच कळेल. गावानं जे पंधरा दिवस दिले त्याची ही परतफेड म्हणायला हरकत नाही. उत्पन्न-कर्जाच्या प्रश्नावल्या कपाटात जातात. ही ओळख वापरात राहते.

या ओळखीला पद्धत कशी द्यायची, यावर सेवाग्राममध्ये एक प्रयोग झाला. तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि मराठीत त्याच्याबद्दल लिहिलं गेलंय त्याहून जास्त लिहायला हवं. डॉ. उल्हास जाजू इथंच मेडिसिनचे प्राध्यापक होते, विनोबांच्या विचारानं घडलेले. १९७०च्या दशकाच्या शेवटी ते सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत जाऊ लागले. नागापूर हे त्यांतलं एक. फुकट सेवा दिली तर गाव हात पसरतं आणि बाजारभावानं दिली तर मजूर येतच नाही. त्यांनी मधली वाट ज्वारीची काढली. सुगीला प्रत्येक घरानं ज्वारी घालायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, बिनजमिनीच्या मजुराची कमी. त्या ज्वारीतून गावच्याच आरोग्यसेवकाचं मानधन आणि प्राथमिक औषधं. बदल्यात, ज्यानं ज्वारी घातली त्याला अचानक आलेल्या आजारात कस्तुरबा रुग्णालयात दाखल होऊन उपचार मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी बिलातला काही हिस्सा भरायचा. आरोग्य विमा हा शब्द शहरातल्या मध्यमवर्गालाही नीट ठाऊक नव्हता त्या काळातली ही गोष्ट.

डॉक्टर गावात सेवेला येतो तेव्हा तो वरच्या पायरीवर असतो आणि गाव खालच्या. ज्वारीनं ती पायरी थोडी तरी घासून निघाली. ज्यानं माप घातलंय तो दवाखान्यात येऊन तक्रार करू शकतो. औषध मिळालं नाही तर आरोग्यसेवकाला चार माणसांत जाब विचारू शकतो, कारण त्याचं मानधन आपल्या ज्वारीतून जातं. श्रीमंत शेतकऱ्याला हे सहज पचत नाही. जास्त ज्वारी आपली आणि जास्त आजार मजुरांचे, असा हिशेब तो मांडतो, आणि त्याला तो मांडू द्यावा लागतो. पुढं जिल्ह्यात ज्वारीचा पेराच घटला, सोयाबीननं शेतं व्यापली. पण जोवर ज्वारी होती तोवर या योजनेतली एक अट डॉक्टरांच्या हातातली नव्हती. गावातली किमान पाऊण घरं, आणि त्यांत गरिबांची घरं, सामील व्हायला हवीत. नाहीतर त्या गावाला योजना लागू नाही. म्हणून सुगी झाली की गावात बैठक बसायची, जुनी गाऱ्हाणी निघायची, कुणाच्या आजारात कोण आलं नाही ते निघायचं, आणि यंदा सेवाग्रामच्या डॉक्टरांना गावात येऊ द्यायचं की नाही याचा निकाल ज्वारीच्या मापावर लागायचा.